मक्याचा खड्डा आणि ओंजळभर गूळ

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण पहाटेच्या अर्धवट झोपेत मी अजून कुणाच्या तरी शेतात असतो. धुकं असतं. ओढ्याकाठी काळी ताडपत्री पसरलेली असते, तिच्यावर मातीची ढेकळं आणि जुने टायर ठेवलेले असतात आणि खाली काहीतरी गुपचूप मुरत असतं. मी वाकून ताडपत्रीचा कोपरा उचलतो. आंबूस, गोडसर वास नाकाशी येतो न येतो तोच स्वयंपाकघरातून चहाची हाक येते. स्वप्नात मी आजवर एकही खड्डा पुरता उघडलेला नाही. "लोकांच्या स्वप्नात देव येतात, तुमच्या स्वप्नात वैरण येते," असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गावात मात्र ज्याचा हात कोपरापर्यंत गाईच्या आत जातो त्याला डॉक्टर म्हणतात, त्यामुळे नोकरीभर मी डॉक्टरसाहेब होतो. पूर्णा, गंगाखेड, जिंतूर असे तालुके फिरलो. लसी टोचल्या, अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या, कृत्रिम रेतनाच्या कांड्या घेऊन फटफटीवर हिंडलो. पण लोक मला ओळखायचे ते मुरघासवाले म्हणून. एखाद्याला भजनाचं वेड असतं, कुणाला पत्त्यांचं. मला ओल्या मक्याचं होतं.

मुरघास म्हणजे वैरणीचं लोणचं, असं मी सभेत सांगायचो. मका कणसासकट यंत्रातून बोटाच्या पेराएवढा बारीक कुट्टी करायचा, खड्ड्यात थराथरानं भरायचा, पायांनी तुडवून त्यातली हवा काढायची आणि वरून असा झाकायचा की मुंगीलाही वाट मिळू नये. हवा गेली की आत आंबण्याचं काम आपोआप सुरू होतं. दीड महिन्यानं उघडलं की पिवळसर, आंबट-गोड वासाचं खाणं तयार. उन्हाळ्यात रान भकास होतं, तेव्हा जनावराच्या पुढ्यात असं टोपलं पडलं की ते मान वर करत नाही. ते बघणं हाच माझा खरा पगार होता.

यात मी युरिया मिसळायला सांगायचो आणि तिथं सभा बिथरायची. "पिकाचं खत जनावराला? डॉक्टरसाहेब, डोकं ठिकाणावर हाय ना?" मग मी खडू घेऊन गाईचं पोट काढायचो. गाईच्या पहिल्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. युरियातला नत्र ते खातात, त्याची प्रथिनं करतात आणि मग गाय त्यांनाच पचवते. आपण चारा टाकतो तो आधी तिच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंना, असं म्हटलं की बायका हसायच्या आणि त्यांच्या लक्षात राहायचं. शिवाय ओल्या कणसांना फार लवकर बुरशी लागते. खड्ड्यात युरिया फुटून त्याचा झोंबरा वायू होतो आणि तो बुरशीला जवळ येऊ देत नाही. प्रमाण मात्र काटेकोर हवं. टनाला पाच किलो, पाण्यात विरघळवून, झारीनं सगळीकडे सारखा. जास्त झाला किंवा एका जागी साचला तर तोच नत्र रक्तात चढतो आणि जनावर तासाभरात आडवं होतं. लहान वासरांना तर नाहीच द्यायचा, कारण त्यांच्या पोटात ती बिऱ्हाडं अजून राहायला आलेली नसतात.

एवढं सांगूनही लोक आपलंच करायचे. चुडाव्याला एक भुजंगराव होते. त्यांनी माझ्यादेखत उत्तम खड्डा भरला, मी पाठ थोपटली. महिन्यानं गेलो तर वरचा हातभर थर काळा-पांढरा, बुरशीनं माखलेला. कारण कळेना. शेवटी त्यांच्या बायकोनंच फोडलं, "रोज सांजच्याला कोपरा उघडून वास घेतेत. झालं का, झालं का म्हणून." भुजंगराव लाजून म्हणाले, "आत काय चालू हाय ते बगावं वाटतं ना, साहेब." मी रागवायला हवं होतं, पण मला त्यांचं मन कळत होतं. मीही रोज उघडला असता, नोकरी आड आली म्हणून वाचलो.

राणीसावरगावला एकजण लग्नाच्या वरातीची घोडी पाळून होता. गाईम्हशी मुरघासावर सुधारल्या हे बघून त्याला वाटलं, घोडीलाही तजेला येईल. सभा संपल्यावर तो मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "नवरदेवाच्या घोडीला किती किलो चालंल?" मी म्हटलं, "घोडीला एक घास देऊ नका. गाईचं पोट वेगळं, घोडीचं वेगळं." तो हिरमुसला. पण पुढं बरीच वर्षं कुठल्याही वरातीत मी दिसलो की तो लगाम धरल्याधरल्या वाकून रामराम करायचा आणि नवरदेवाला उगीच मागे रेलावं लागायचं.

कुट्टी भरायच्या लायकीची आहे का, हे बघायला माझ्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. मूठ होती. कुट्टीची मूठ घट्ट दाबायची आणि उघडायची. गोळा लगेच विस्कटला तर माल कोरडा आहे. गोळा राहिला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर एकदम बरोबर. बोटांतून पाणी ठिबकलं तर थांबायचं, माल अर्धा दिवस पसरून सुकवायचा, मगच भरायचा. ही मुठीची परीक्षा मी शेकडो लोकांना शिकवली. आता जे सांगणार आहे ते मी स्वतः या परीक्षेत नापास झालो त्याबद्दल आहे.

तेव्हा मी चारठाण्याला होतो. जुन्या देवळांच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. सकाळी खिडकी उघडली की धुक्यात नुसते दगडी खांब तरंगताना दिसायचे आणि कामावर जायचंय हे विसरून मी चहा थंड होईपर्यंत बघत बसायचो. तिथून चार किलोमीटरवरच्या एका वस्तीवर कौसाबाई राहायच्या. चाळिशीच्या, काटक, मोजकं बोलणाऱ्या. नवरा परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा यायचा. घरी त्या आणि त्यांचे सासरे तात्या. तात्यांना दिसत नव्हतं, पण त्यांचं नाक माझ्यापेक्षा तयार होतं. तरुणपणी गावातली पेवं उघडण्याचं काम ते करायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला ज्वारी साठवायचा खोल खड्डा. उघडल्याबरोबर त्यात उतरलं तर आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो, म्हणून आधी कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला नाही तरच उतरायचं. तात्यांनी अशी किती पेवं उघडली, त्यांनाच ठाऊक.

गोठ्यात दोन जनावरं होती. कपिली नावाची गाय आणि तिची अडीच वर्षांची कालवड शेवंती. शेवंती जन्मली तेव्हा कपिलीच्या कासेला सूज होती, दूध पाजवेना. कौसाबाईंनी तिला बाटलीनं वाढवलं. त्यामुळे शेवंती स्वतःला गाय समजतच नव्हती. हापशावर जाताना कौसाबाईंच्या मागं, शेणी थापताना शेजारी, आणि चूल पेटली की दारात मान घालून उभी. माझ्याच हातच्या रेतनानं ती पहिल्यांदा गाभण राहिली होती, तिसरा महिना चालू होता. मी तपासून "लागलंय" म्हटलं, तेव्हा कौसाबाई घरात जाऊन माझ्यासाठी दुधाचा चहा घेऊन आल्या. एरवी तिथं कोरा चहा असायचा.

त्या वर्षी मका काढणीला आला आणि पाऊस थांबेचना. उभ्या ताटावर कणसं भिजली. काही कणसांना तर जागच्या जागी मोड फुटले. दाणा नखानं दाबला की खूण उमटायची, इतका ओला. व्यापारी हातही लावत नव्हता. कौसाबाईंच्या एका एकरातला तो मका म्हणजे दोन्ही जनावरांचं वर्षभराचं खाणं. तो सडला असता तर उन्हाळ्याआधी एक जनावर बाजारात न्यावं लागलं असतं, आणि बाजार म्हटला की गाभण कालवडीलाच आधी गिऱ्हाईक येतं. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं, "साहेब, मका गेला की शेवंती गेली."

मी म्हटलं, "जात नाही. कणसं आणि वरचा शेंडा कुट्टी करू, युरिया मारू आणि खड्ड्यात घालू."

भरायच्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. आभाळ ढगाळ, ऊन फिकट आणि रानात सगळीकडे वाफा. कुट्टीचं यंत्र घरघरायला लागलं आणि चिरलेल्या ओल्या कणसांचा तो हिरवा, दुधाळ वास पसरला. खड्ड्यात शेजारच्या सहा बायका एकमेकींच्या खांद्याला धरून गोल फिरत तुडवत होत्या. कुणीतरी गुणगुणत होतं. खाटेवर बसलेले तात्या म्हणाले, "पेव बुजवायलाव व्हय रे?" मी म्हटलं, "तसंच समजा, तात्या." "मग ध्यानात ठेवा. ज्यानं बुजवलं त्यानंच उघडावं लागतंय. आमच्या टायमाला तसंच व्हतं." मला काय झालं होतं कोण जाणे, पण त्या दिवशी मी तरंगत होतो. ही माणसं, हा वास, पायांखाली दबत जाणारा तो मका, सगळं कुणीतरी मला झोपेत दाखवतंय असं वाटत होतं.

अशा तंद्रीतच मी गूळ घातला. हा माझा जुना शौक होता. माझी आई कुठलंही नवं काम सुरू करताना गुळाचा खडा ठेवायची, म्हणून युरिया विरघळवायच्या ड्रममध्ये मी ओंजळभर गूळ घालायचो. मक्यात स्वतःची साखर भरपूर असते, त्याला गुळाची गरज नसते. पत्रकातही तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण लोक "साहेबांचा गूळ" म्हणून कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं. कौसाबाई घरातून गूळ घेऊन आल्या, म्हणाल्या, "वंजळ कशाला, ही आक्की ढेपच घ्या." मी घेतली.

मधेच मी मूठ दाबून बघितली होती. बोटांतून पाणी ठिबकलं. थांबायला हवं होतं. पण पश्चिमेला ढग काळे होत होते आणि यंत्रवाला सांजच्याला दुसऱ्या गावी निघणार होता. "चालवून घेऊ," मी म्हटलं. खालून पाझर निघेल म्हणून खड्ड्याच्या कडेला चर काढायला लावला, तो थोड्या अंतरावरच्या एका खळग्यात सोडला. वरच्या थरांना आणखी ओल नको म्हणून युरियाचं पाणी मारणं थांबवलं. त्यामुळे ड्रमात साधारण घागरभर पाणी उरलं, गुळानं तांबूस झालेलं. ते गोठ्याच्या अंगणात सांडू नये म्हणून मी मुद्दाम लांब जाऊन चराच्या खळग्यात ओतलं. ड्रम विसळून तेही पाणी तिथंच ओतलं. जमीन पिऊन टाकेल, असं वाटलं. महिनाभर पाऊस पिऊन तुडुंब झालेली काळी जमीन आता थेंबही घेणार नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. खळग्यावर काटे टाका, एवढं सांगायचंही राहिलं. ताडपत्री झाकली, माती लोटली आणि मी समाधानानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-साडेसातला फोन आला. कौसाबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "साहेब, शेवंती पडली. फेस यायलाय तोंडातून. कपिली थरथरायलीय. खळग्यातलं पाणी पेल्या दोघी."

मला एका क्षणात सगळं कळलं. हापशावर पाण्याला नेताना कौसाबाई दोघींना मोकळंच सोडायच्या. रोज शेवंती पुढं पळायची. त्या दिवशी गुळाच्या वासानं ती खळग्याकडे वळली आणि आई तिच्या मागं गेली.

युरिया चढला की पोटात आंबट घालावं लागतं, व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी. पोटात आंबट पडलं की तो विषारी वायू रक्तात जायचा थांबतो. दवाखान्यात व्हिनेगर नव्हतं, कधीच नसायचं. फटफटीला किक मारताना आठवलं की फाट्यावर फिरोजभाईंची चायनीजची गाडी लागते. गाडी बंद होती, ते मागच्या खोलीत झोपलेले. दार बडवलं. डोळे चोळत बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टरसाब, इतक्या सकाळी नूडल्स?" मी म्हटलं, "व्हिनेगर. असेल तेवढं. जनावरं मरायला टेकलीत." त्या माणसानं लगेच गाडीचं कुलूप काढलं, सात बाटल्या पिशवीत भरल्या आणि स्वतःच माझ्या मागं बसले.

आम्ही पोचलो तेव्हा शेवंती आडवी पडली होती. पाय ताठ, पोट फुगलेलं, डोळे पांढरे. कपिली उभी होती, पण पाय फाकवून, अंगभर थरथरत, दात कराकरा खात. मी आधी सुरीनं बाटल्या उघडल्या आणि बादलीत पाणी घेतलं. सात बाटल्या एका जनावराला जेमतेम पुरतात. कौसाबाई शेवंतीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आदी हिला."

मी नळी कपिलीच्या पोटात घातली.

हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. शेवंती वाचणार नव्हती असं मला त्या वेळी वाटलं, आणि दोन्हीकडे अर्धं-अर्धं केलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या. मी तरीही बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. तेव्हा हे समजावून सांगायला वेळ नव्हता आणि नंतर तोंड नव्हतं. फिरोजभाई बादल्या आणत होते, मी ओतत होतो. एकदाही मागं वळून बघितलं नाही. तात्या खाटेवरून तेवढं विचारत होते, "शेवंता का आवाज करंना गं?" पाऊण तासानं कपिलीचं थरथरणं कमी झालं, तिनं ढेकर दिला. मग मी मागं बघितलं. शेवंतीच्या तोंडावर पदर टाकलेला होता.

दोन दिवसांत सगळीकडे झालं की युरियाच्या मुरघासानं कौसाबाईची कालवड मारली. कुणी म्हणे खड्डाच विषारी झालाय. कुणी म्हणे आधीच सांगत होतो, खत ते खत. ज्यांनी खड्डे भरले होते त्यांचे मला फोन यायला लागले. मी सगळ्यांना एकच सांगायचो, खड्ड्यातला पाझर होता, ओल जास्त होती, पाझरापासून जनावर लांब ठेवा. यात खोटं काही नव्हतं. पण खरंही नव्हतं. पाझर एका रात्रीत कितीसा झाला असणार? शेवंती मेली ती मी हातानं ओतलेल्या घागरभर पाण्यानं आणि मी हौसेनं घातलेल्या गुळानं. हे मी बोललो नाही. नोकरी थोडी राहिली होती, लोकांत नाव होतं, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. तीन आठवडे मी त्या वस्तीच्या रस्त्यानं गेलो नाही. एका गावाला जायला आठ किलोमीटरचा वळसा घातला.

मग बाजारात त्यांचा नवरा भेटला. म्हणाला, "खड्डा उकरून टाकायचा म्हणायलेत समदे. आइतवारी ट्रॅक्टर सांगितलाय. वढ्याला लोटून देतो. कपिलीला बी मग इकून टाकावं, घालावं काय तिला?"

त्या रात्री मला झोप लागली ती फार थोडी. जास्तीचं पाणी चरातून निघून गेलं असणार, खड्ड्यातला मका उत्तम होता. मला ते मूठ न दाबताही माहीत होतं. ताडपत्रीखाली तो निमूट आपलं काम करत होता, आणि माझ्या गप्प राहण्यामुळे ओढ्यात जाणार होता. सकाळी मी वळसा न घालता सरळ गेलो.

कौसाबाई शेणी थापत होत्या. शेजारी कुणी उभं नव्हतं. मी उभ्या उभ्याच बोललो, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. "खड्ड्याचा काही दोष नाही. ड्रममधलं उरलेलं पाणी मी खळग्यात ओतलं. गूळही मीच घातला, नको असताना. चूक माझी आहे. खड्डा टाकू नका."

त्यांनी हातातली शेणी भिंतीला लावली, बोटं उमटवली. मग म्हणाल्या, "म्या बगितलं व्हतं तुमाला वतताना."

मी तिथंच खाली बसलो.

"तुमी कवा सांगताव, ते बगायले व्हते," त्या म्हणाल्या. "गावात कुणाला बोलले न्हाई. म्हनलं, मानूस हाय, यील." पुढची शेणी उचलत त्यांनी विचारलं, "मंग मका चांगला हाय?"

"चांगला आहे."

"मंग ट्रॅक्टर नगं. दिस भरले की या. तात्या म्हनले तसं, बुजवलं त्यानंच उघडायचं."

परत येताना मी फाट्यावर थांबलो. फिरोजभाईंच्या गाडीपाशी चारपाच माणसं होती, त्यांच्या देखत मी तेच पुन्हा सांगितलं. पुढच्या सभांमध्येही सांगत गेलो. काही लोक हसले, काहींनी दोन वर्षं मला खड्ड्याजवळ फिरकू दिलं नाही. पण त्यानंतर ज्या ज्या खड्ड्याला चर काढला, त्याच्या खळग्यावर बोरीचे काटे पडले, आणि उरलेलं पाणी कुणी कुठं ओतलं नाही. गूळ मी त्यानंतर कधीच घातला नाही.

दीड महिना झाला. मी सकाळी नऊला पोचलो. ऊन कोवळं होतं, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या. तात्यांनी कंदील मागून घेतला होता, भर उजेडात पेटवलेला. "खड्डा उथळ आहे, तात्या, गुदमरायला होत नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "आसू द्या. कंदील धरल्याबिगर म्या कधी उघडलं न्हाई." मी एका हातात कंदील धरला, दुसऱ्या हातानं माती लोटली आणि ताडपत्रीचा कोपरा उचलला.

आधी झोंबरा वास आला, डोळ्यांत पाणी आलं. युरिया मारलेला खड्डा उघडल्यावर तो वास उडून जायला तासभर वाट बघावी लागते. आम्ही तिघं खाटेभोवती बसून राहिलो. मग हळूहळू तो खालचा वास वर आला, आंबट आणि गोड. तात्यांनी मान वर केली. "पेवातल्या ज्वारीवानी यायलाय," ते म्हणाले आणि बराच वेळ तसेच हसऱ्या तोंडानं बसून राहिले. मी मूठ भरली, दाबली. सोनेरी पिवळा गोळा तळहातावर राहिला. बुरशीचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

पहिल्या दिवशी थोडंच द्यायचं असतं, सवय होईपर्यंत. मी अर्धं टोपलं भरलं आणि कपिलीकडे निघालो. कौसाबाईंनी माझ्या हातातून टोपलं घेतलं. कपिलीच्या शेजारी शेवंतीचा खुंटा तसाच होता, दाव्याचा तुकडासुद्धा सोडलेला नव्हता. त्यांनी टोपलं तिथं नेऊन ठेवलं, रिकाम्या खुंट्यापाशी, आणि पदर सावरून बाजूला उभ्या राहिल्या.

कपिलीनं वास घेतला. दावं ताणलं, मान लांब केली, आणि शेवंतीच्या वाट्याच्या टोपल्यात तोंड घातलं. मी टोपलं सरकवायला पुढं झालो, तशा कौसाबाई म्हणाल्या, "खाऊ द्या, साहेब. लेकराच्या ताटातलं आईच खाती."

मी कंदील विझवला. कपिली टोपलं रिकामं होईपर्यंत खात राहिली.